एआय आल्यावर आयटीत शिरायचं कसं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घ्यायला हरकत नाही. बीसीए केलं तरी बिघडत नाही. पण चार वर्षं काढायची, शेवटच्या वर्षी कॉलेजात मोठी कंपनी येणार, बसभर पोरं उचलणार, सहा महिने शिकवणार आणि कुठल्यातरी प्रोजेक्टवर चिकटवणार, असा हिशेब धरून फी भरत असाल तर जरा थांबा. तो हिशेब मोडलाय.

मी सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर. शिक्षण बेळगावात, नोकरी आधी पुण्यात, मग बेंगळुरूत आणि कोविडनंतर टिळकवाडीतल्या घरातून. वीसेक वर्षं दुसऱ्याने केलेल्या कामावर संशय घेण्याचा पगार घेते. आता तो दुसरा बऱ्याचदा माणूस नसतो, इतकाच फरक पडलाय. ओळखीपाळखीतले आईबाप विचारायला येतात, पोरं मेसेज करतात. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

मोडलं ते काय

आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांचा धंदा डोकी मोजून चालायचा. परदेशातल्या गिऱ्हाइकाला माणशी, तासाला बिल. वर दोन जाणते, मध्ये पाच-सहा बरे, आणि खाली नवख्यांची फौज. नवख्यांच्या वाट्याला काय यायचं? फॉर्मची स्क्रीन बनवा, रिपोर्ट काढा, टेस्ट केसची एक्सेल भरा, जुन्या कोडवर डॉक्युमेंट लिहा, रात्रपाळीत तिकिटांना ठरलेली उत्तरं द्या. कंटाळवाणं काम, पण तेच करता करता माणूस शिकायचा आणि तीन वर्षांत मधल्या पायरीवर जायचा. एआयला नेमकं हेच काम सगळ्यात चांगलं जमतं.

कोड सुचवणारा गिटहब कोपायलट जून 2021 मध्ये चाचणीसाठी आला. 30 नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी. 2025 उजाडेपर्यंत स्वतः फाइल उघडून, बदल करून, टेस्ट चालवून परत येणारे एजंट आले. गूगलच्या सुंदर पिचाईंनी ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितलं, की आमच्याकडचा पाव हिश्शाहून जास्त नवा कोड एआय लिहितो आणि इंजिनिअर तो तपासून मगच घेतात. या वाक्याचा पहिला भाग सगळ्या ग्रुपवर फिरला. दुसरा कोणी पुढे पाठवला नाही.

जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार माणसं, म्हणजे साधारण दोन टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कंपनीचं म्हणणं, कारण एआय नाही, कौशल्याचा मेळ बसत नाही हे आहे. खरं-खोटं त्यांना ठाऊक. पण त्यानंतरच्या महिन्यात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी चाळून दाखवलं, की एआयची झळ जास्त लागणाऱ्या कामांत 22 ते 25 वयाच्या मुलांच्या नोकऱ्या इतरांच्या मानाने 13 टक्क्यांनी घटल्या आणि अनुभवी लोकांच्या तशा घटल्या नाहीत. फटका खालच्या पायरीला बसतोय, तो असा.

दुसरी बाजूही ऐका, कारण घाबरवून सोडायला मी बसलेली नाही. त्याच जुलैत मेटर नावाच्या संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्या स्वतःच्या, ओळखीच्या प्रोजेक्टवरची 246 कामं दिली. काही एआय वापरून करायची, काही त्याच्याविना. एआय वापरलं तिथे वेळ 19 टक्के जास्त लागला. गंमत पुढे आहे: काम संपल्यावरही ते म्हणत होते, आमचा वेळ वीस टक्क्यांनी वाचला. हत्यार त्यानंतर बरंच सुधारलंय, आकडा आज वेगळा येईल. पण भराभर कोड उतरताना बघून काम झाल्यासारखं वाटणं आणि काम होणं यातलं अंतर मी रोज बघते. तुमची नोकरी त्या अंतरात आहे.

कोड लिहून घ्यायची रीत

उदाहरण पिग्मीचं घेऊ. बेळगावच्या गल्लीत वाढलेल्याला पिग्मी एजंट समजावून सांगावा लागत नाही. सिंडिकेट बँकेने 1928 साली उडुपीकडे काढलेली ही रोजच्या बचतीची पद्धत आपल्याकडच्या क्रेडिट सोसायट्यांनी अजून चालू ठेवलीय. समजा खडेबाजारातला एक दुकानदार रोज 100 रुपये भरतो. महिना 30 दिवसांचा धरू, व्याज 4 टक्के, मुदत एक वर्ष. एआयला म्हणा, पिग्मीचं व्याज काढणारा प्रोग्राम लिहून दे. अर्ध्या मिनिटात देईल. वर सुबक कॉमेंट, खाली ‘आणखी काही हवंय का’.

आता वही-पेन घ्या. महिनाअखेरची शिल्लक 3 हजार, 6 हजार, 9 हजार अशी चढत वर्षाअखेर 36 हजार होते. महिनाअखेरच्या शिल्लकेवर व्याज धरलं, तर बाराही शिलकांची बेरीज 2 लाख 34 हजार, तिचं महिन्याच्या दराने व्याज 780 रुपये. महिन्याच्या सुरुवातीच्या शिल्लकेवर धरलं, तर बेरीज 1 लाख 98 हजार, व्याज 660. आणि प्रोग्रामने वर्षाच्या शेवटच्या रकमेवर सरसकट 4 टक्के लावले तर 1,440. तिन्ही प्रोग्राम विनातक्रार चालतात. तिन्हींची स्क्रीन सारखीच छान दिसते. यातलं बरोबर कोणतं हे एआयला माहीत असायचं कारण नाही, ते त्या सोसायटीच्या नियमात आहे. मॅनेजरला विचारलंत तर तो चष्म्यावरून बघत म्हणेल, "पैला महिना रिकामाच की हो. पैसे महिनाभर राहिले कुठं?" म्हणजे 660. दोन हजार खाती असली आणि प्रोग्रामने 780 धरले, तर सोसायटीच्या खिशातून वर्षाला 2 लाख 40 हजार उगाच गेले. कोडमध्ये चूक एका ओळीची.

म्हणून रीत अशी. पहिल्यांदा नियम माणसाकडून समजून घ्या आणि मराठीत, इंग्रजीत, जमेल त्या भाषेत एका पानावर लिहा. मग तीन-चार खाती निवडून त्यांचं उत्तर हाताने काढा: एक सरळ, एक मुदतीआधी मोडलेलं, एक गणपतीत पाच दिवस भरणाच न झालेलं, एक 31 जानेवारीला उघडलेलं. हे झाल्याशिवाय एआयची खिडकी उघडू नका. उघडल्यावर नियम आणि ही उत्तरं दोन्ही त्याला द्या, आणि सांगा की कोड लिहिण्याआधी तुला काय काय स्पष्ट नाही ते विचार. चांगलं मॉडेल असेल तर ते मोडलेल्या खात्याच्या दंडाबद्दल, पैशांच्या राउंडिंगबद्दल, म्हणजे पैसे जवळच्या रुपयात कसे आणायचे याबद्दल विचारतं. विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

राउंडिंगचं नुसतं नावापुरतं सांगून सोडत नाही, कारण इथे भलेभले अडखळतात. पायथॉनमधलं राउंड 2.5 चे 2 करतं आणि 3.5 चे 4. बरोबर मध्ये आलं की जवळच्या सम आकड्याकडे जायचं, असा त्याचा नियम आहे. सोसायटीतल्या क्लार्कचा नियम, पन्नास पैसे झाले की वरचा रुपया. शिवाय फ्लोट या अपूर्णांक ठेवायच्या साध्या प्रकारात 0.1 आणि 0.2 ची बेरीज नेमकी 0.3 येत नाही. पैशाच्या हिशेबाला डेसिमल हा नेमका प्रकार वापरायचा, हे एआयला माहीत असतं, पण मागितल्याशिवाय दरवेळी वापरतोच असं नाही. ऑडिटर आल्यावर ताळेबंदात एक रुपया चाळीस पैसे जुळत नाहीत आणि तीन माणसं रात्री नऊपर्यंत बसतात, त्याचं मूळ बऱ्याचदा अशा एका शब्दात असतं.

टेस्टर म्हणून एक गोष्ट बजावून सांगते. कोड ज्याने लिहिला त्याच एआयला टेस्टही लिहायला सांगितल्या, तर त्याचा जो गैरसमज कोडमध्ये आहे तोच टेस्टमध्ये उतरतो. सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसतं. म्हणून अपेक्षित उत्तरं तुमच्या वहीतली हवीत. नुसत्या वेगवेगळ्या तारखा टाकून वीस टेस्ट वाढवायचं काम त्याला खुशाल द्या, 29 फेब्रुवारी 2028 सकट.

उरलेलं थोडक्यात. एका वेळी छोटा तुकडा मागा. प्रत्येक चालत्या तुकड्यानंतर गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कमिट (नोंद) करा, म्हणजे पुढच्या फेरीत त्याने घोळ घातला तर मागे येता येतं. कोडमधली जी ओळ तुम्हाला दुसऱ्याला समजावता येत नाही ती ठेवू नका. त्याने सुचवलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, खरोखर आहे का ते बघा. मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेली नावं सुचवतात आणि भामटे त्याच नावाने विषारी पॅकेज चढवून ठेवतात. आणि चालू डेटाबेसचा पासवर्ड एजंटच्या हाती द्यायचा नाही. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कोडिंगच्या सेवेच्या एजंटने ‘काही बदलू नको’ असं सांगितलेलं असताना एका उद्योजकाचा खरा डेटा पुसून टाकला, ही गोष्ट जगभर गाजली. माफी मागितली एजंटने, निस्तरलं माणसांनी.

पहिल्या वर्षातल्या मुलांसाठी नियम कडक आहे. लूप, फंक्शन, साधं सॉर्टिंग, एसक्यूएलचा जॉइन, हे हाताने लिहा, एआय बंद ठेवून. अडलं की अर्धा तास स्वतः झगडा, मग विचारा, आणि उत्तर मागण्याऐवजी ‘माझं कुठे चुकलं’ एवढंच विचारा. जिममध्ये वजन दुसऱ्याने उचललं तर दंड आपले भरत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून वापरा, भरपूर वापरा.

‘एआय-एमएल’ ब्रँच घेऊ की साधं सीएस, हा प्रश्न पालकांना सीईटीच्या दिवसांत फार छळतो. व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा) अभ्यासक्रम काढून दोन्ही शेजारी ठेवा. गणित, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क दोन्हीकडे आहे, आणि कामाला येतं ते हेच. नावासाठी मॅनेजमेंट कोट्यात जादा लाख ओतू नका.

प्रोजेक्ट गल्लीबाहेर शोधा

फायनल इयरचे प्रोजेक्ट बघायला मला अधूनमधून बोलावतात. चेहरा ओळखून हजेरी, शेतातल्या रोगाचा फोटोवरून अंदाज, लायब्ररी मॅनेजमेंट. दरवर्षी तेच. पूर्वी ते कोणाकडून तरी विकत आणायचे, आता एआय एका संध्याकाळी करून देतो. असला प्रोजेक्ट रेझ्युमेवर असला काय, नसला काय.

बेळगावात राहून एक गोष्ट तुम्हाला फुकट मिळते आणि बेंगळुरूच्या पोराला मिळत नाही: धंदा चालतो तिथवर चालत जाता येतं. उद्यमबागेत आणि मच्छेला धातूच्या ओतकामाच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात. संकेश्वर, चिकोडीकडे साखर कारखाने आहेत, आणि बेळगावातच साखरेवरची एस. निजलिंगप्पा इन्स्टिट्यूट आहे. निपाणीत तंबाखूचे व्यापारी आहेत. सोसायट्या तर गल्लोगल्ली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली याच गावात सायकलींचं दुकान काढलं होतं. कारखानदारी इथल्या पाण्यात आहे, आपण मात्र तिच्याकडे पाठ करून स्क्रीनवर अमेरिकन पिझ्झा डिलिव्हरीचं ॲप बनवत बसतो.

फाउंड्रीत जाऊन रिजेक्शनचं रजिस्टर बघा. हीट नंबर, तारीख, पाळी, किती नग ओतले, किती बाद झाले आणि का: ब्लो होल, श्रिंकेज, सँड इन्क्लूजन, कोल्ड शट. हाताने लिहिलेलं, कुठे इंग्रजी, कुठे कन्नड, कुठे मराठी, कुठे नुसती टिकमार्क. मालकाला कळत असतं की पावसाळ्यात बाद माल वाढतो. कोणत्या मालाचा, कोणत्या पाळीत, वाळूतल्या ओलीशी त्याचा संबंध किती, हे रजिस्टर सांगू शकतं, पण ते कोणी एकत्र मांडलेलं नाही. हे काम घ्या. पानांचे फोटो काढून एआयकडून वाचून घ्या, मग दर पन्नास नोंदींमागे दहा स्वतः मूळ पानाशी ताडून बघा. 1 आणि 7, 0 आणि 6 ची अदलाबदल होईल. कुठे होते हे लिहून ठेवा. महिन्याभराचा डेटा नीट झाला की एक्सेलमधला साधा पिव्होट टेबलसुद्धा मालकाला पुरतो. मॉडेलबिडेल नंतर.

जाताना ‘सर, तुमच्या फॅक्टरीत एआय बसवून देतो’ म्हणू नका. असं म्हणणारे आठवड्याला दोन येतात आणि चहा पिऊन जातात. म्हणा, "काका, तुमचं कुठलं रजिस्टर लिहायचा तुम्हाला सगळ्यात वैताग येतो?" आणि मग गप्प बसा. तासभर ऐका. फोरमनचं ऐका, मालकाचं कमी ऐका.

लोकांची नावं, फोन, आधार, खात्यातली शिल्लक असलेला डेटा फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवायचा नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे हे एक कारण. सोसायटीचा विश्वास एकदा गेला की गावात दुसरी सोसायटी तुम्हाला दारात उभं करत नाही, हे मोठं कारण. नावं बदलून, आकडे हलवून नमुना तयार करा आणि त्यावर काम करा. असा नमुना करता येणं हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे.

दोन राज्यांच्या कडेला राहण्याचा फायदा

कडेच्या गावात ज्यांची थोडी जमीन इकडे आणि थोडी तिकडे आहे, त्यांच्या घरात दोन तऱ्हेचे कागद असतात. कर्नाटकातला आरटीसी उतारा कन्नडमध्ये, क्षेत्र एकर-गुंठ्यात. महाराष्ट्रातला सातबारा मराठीत, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. हे दोन कागद एआयला देऊन एकूण जमीन विचारून बघा. उताऱ्यावर 2.20 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 2 एकर 20 गुंठे. एकराला 40 गुंठे, म्हणजे अडीच एकर. यंत्राने दशांश चिन्ह समजून सव्वादोनच्याही आत धरलं, तर बारा गुंठे हवेत गेले. आणि गुंठा म्हणजेच आर असं धरलं, तर फरक शेकड्याला एकाच्या आसपास, इतका बारीक की कोणाच्या लक्षातच येत नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे घरात बसून कळतं. ज्याला कळतं त्याने त्याची टेस्ट लिहावी. बँका, विमा, खत कंपन्या, सगळ्यांना असे कागद वाचणाऱ्या सिस्टिम हव्या आहेत, आणि त्या चुकतात कुठे हे सांगणारी माणसं कमी आहेत.

बोलण्याचंही तसंच. केंद्राचा भाषिणी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला, मद्रास आयआयटीतला एआयफॉरभारत गट भारतीय भाषांची मॉडेल करतोय, मोठ्या कंपन्यांचे बॉट मराठीही बोलतात आणि कन्नडही. पण ते पुस्तकी. खानापूरचा माणूस ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या नंबरवर फोन करून एका दमात कन्नड वळणाचं मराठी, आकडे इंग्रजीत असं बोलतो: "ते आमचं टोळी कवा यायलंय बघा की, नाइन्टी डेज ज्यादा झालं." शुद्ध मराठीवर शिकलेलं मॉडेल इथे गडबडतं. आपापल्या गावातली अशी शंभर-दोनशे वाक्यं, बोलणाऱ्याची परवानगी घेऊन, अर्थासकट जमवा. चार मॉडेलवर चालवा. कोण कुठे पडतं त्याचा तक्ता करा. सोबत खर्चही मोजा. देवनागरी मजकुराचे टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते, त्याच अर्थाच्या इंग्रजीपेक्षा सहसा जास्त होतात, म्हणजे बिलही जास्त. हा तक्ता इंटरव्ह्यूत समोर ठेवलात, तर पुढचा अर्धा तास तुमचा.

यासाठी कन्नड लिहिता-वाचता यायला हवं. बोर्डावरच्या भाषेचं भांडण ज्याच्या त्याच्या जागी असू दे, मी त्यात शिरत नाही. पण शाळेत कसंबसं पास होऊन विसरलेलं कन्नड पुन्हा उघडा. बेंगळुरूतल्या ऑफिसातही उपयोगी पडतं, आणि घरमालकाशी भाडं ठरवतानाही.

आधीच नोकरीत असाल तर

मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्या माझ्याच बहिणी-भावांना सांगते: स्क्रिप्ट बघून क्लिक करण्याचं काम जाणार, त्याची वाट बघत बसू नका. ऑटोमेशन शिका, त्यात एआयची मदत घ्या, आणि एआयवर चालणारी सिस्टिम तपासायला शिका. तिथे एका प्रश्नाला रोज तेच उत्तर येत नाही, म्हणून ‘बरोबर’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं. शंभर प्रश्न, प्रत्येकाला मान्य उत्तरांची सीमा, दर बदलानंतर पुन्हा मोजणी. याला बाजारात इव्हॅल म्हणतात आणि चांगलं करणारे थोडे आहेत. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच पैसे भरायला लावले. बॉट वेगळा, आम्ही वेगळे, हा युक्तिवाद चालला नाही. तेव्हापासून या कामाची किंमत मॅनेजरांना वेगळी सांगावी लागत नाही.

सपोर्टवाल्यांनी तिकिटं मिटवण्यापेक्षा तीच तिकिटं पुन्हा का येतात याची नोंद ठेवावी. आणि दहा-बारा वर्षं फक्त मीटिंग आणि एक्सेल सांभाळणाऱ्या मॅनेजरांनी शनिवारी दार लावून पुन्हा कोड उघडावा. त्यांची जागा सगळ्यात कच्ची आहे असं माझं मत आहे, आणि ते ऐकून दोघांनी माझ्याशी बोलणं बंद केलंय.

क्लास, सर्टिफिकेट, इंटरव्ह्यू

‘सहा आठवड्यांत एआय इंजिनिअर, शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी जाहिरात दिसली की पुढे चला. नोकरी लावतो म्हणून डिपॉझिट मागणारा तर सरळ चोर समजा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट आहेत, बघायला पैसे लागत नाहीत. परीक्षा द्यायची असेल तरच फी.

इंटरव्ह्यू दोन तऱ्हेचे झालेत. काही ठिकाणी लॅपटॉप बंद, फळ्यावर लिहा. काही ठिकाणी एआय समोर देतात आणि तुम्ही ते कसं वापरता ते बघत बसतात. मी दुसऱ्या तऱ्हेचे घेते. एआयने दिलेला, दिसायला बरोबर असा कोड ठेवते आणि विचारते, हा उद्या चालू केला तर कोणाचं नुकसान होईल? बरीच पोरं कोडची स्तुती करत सुटतात. एखादी पोरगी विचारते, "मॅडम, यातली तारीख कुठल्या देशाची धरायची?" तिला पुढच्या फेरीत घेते. सिंटॅक्स विसरली तरी घेते.

रेझ्युमेवर वीस टूलची नावं नकोत. एक प्रोजेक्ट, त्यात कोणाचं रजिस्टर होतं, आधी काय अडत होतं, एआय कुठे चुकला, तुम्ही ते कसं पकडलं. चार ओळी. आणि गिटहबवर कमिटचा इतिहास असा, की काम एका रात्रीत उतरलेलं दिसू नये.

पुणं की बेंगळुरू, यावर फार डोकं खाऊ नका. ऑगस्ट 2025 पासून बेळगावहून बेंगळुरूला वंदे भारत आहे, राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहेच, पुण्याला बसही ढिगाने. पहिली दोन-तीन वर्षं मात्र घरून काम घेऊ नका, मिळालं तरी. मी घरून करते, पण मी आधी पंधरा वर्षं लोकांच्या शेजारी बसून शिकलेय. शेजारच्या टेबलावर जाणता माणूस लॉग बघून ‘अरे थांब’ म्हणतो तेव्हा तो काय बघतो, हे व्हिडिओ कॉलवर शिकता येत नाही.

राहिला लॅपटॉप, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. ग्राफिक कार्डवाला लाखाचा लॅपटॉप लागत नाही. मोठी मॉडेल कंपन्यांच्या सर्व्हरवर चालतात, आपल्याकडे लागतं नेट. 16 जीबी रॅम आणि 512 ची एसएसडी असलेला साधा घ्या, सेकंडहँड चालेल, बॅटरी बदलून घ्या. गूगल कोलॅबवर मर्यादित जीपीयू फुकट मिळतो, कॉलेजच्या प्रोजेक्टला पुरतो. महिन्याचं पैसे देऊन सबस्क्रिप्शन लगेच घेऊ नका. आधी फुकटच्या खात्यावर काम करा, मर्यादा खरोखर आडवी येऊ लागली की दोघातिघांत विचार करा कुणाचं काम कशावर जास्त आहे, आणि एकाने एक, दुसऱ्याने दुसरं असं घेऊन तुलना करा. वाचलेल्या पैशांतून छोटा यूपीएस घ्या, राउटरला जोडायला. पावसाळ्यात खानापूरकडे लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको, आणि एजंट अर्ध्या कामावर असताना नेट गेलं, तर आधी गिट स्टेटस बघा, मग पुढचं.